पणजीच्या आधी आलेला पूल

रायबंदरहून पणजीत येणारी बस ज्या सरळसोट रस्त्यावरून धावते तो रस्ता नसून पूल आहे, हे नव्या माणसाच्या लक्षातही येत नाही. उजव्या हाताला मांडवी, डाव्या हाताला खारफुटी आणि दलदल. मधून सुमारे तीन किलोमीटर लांब चिऱ्यांचा बांध, आणि त्यात जागोजागी पाणी जायला कमानी. पोर्तुगीज व्हाइसरॉय मिगेल द नोरोन्या, म्हणजे लिन्यारिशचा काउंट, याने १६३३-३४ मध्ये तो बांधवून घेतला.

तेव्हा पणजी हे शहर नव्हतंच. राजधानी जुन्या गोव्यात होती आणि इथे आदिलशहाचा वाडा, थोडी घरं, बाकी चिखल. जुन्या गोव्यात रोगराईने माणसं मरू लागली, तिथली वस्ती ओसरली आणि १७५९ मध्ये व्हाइसरॉय या वाड्यात राहायला आला. पणजी राजधानी म्हणून जाहीर झाली ती १८४३ मध्ये. म्हणजे पूल आधी आणि शहर सव्वाशे-दोनशे वर्षांनी. गोव्याच्या इतिहासात याची म्हणावी तशी दखल घेतली जात नाही, असं मला वाटतं. हा बांध नसता तर दलदलीपलीकडच्या त्या ठिपक्यावर राजधानी वसवायचं धाडस कुणी केलं असतं का?

त्याआधी आणि त्यानंतरही गोव्यातली बहुतेक माणसं पाणी ओलांडायची ती होडीने नाहीतर साकवावरून. सत्तरी, सांगेकडच्या वहाळांवर, म्हणजे ओढ्यांवर, माडाची किंवा पोफळीची दोन-तीन सरळ खोडं शेजारी शेजारी टाकायची, आडव्या काठ्या बांधायच्या, धरायला एका बाजूला बांबू. उन्हाळ्यात वहाळ चालत ओलांडता येतो, साकवाची गरज पावसात. म्हणून मृगाच्या आधी गावाने मिळून तो डागडुजी करून ठेवायचा. मोठा पूर आला की जायचा वाहून, आणि गाव पुन्हा नवी खोडं आणायचा. या पुलांचा इतिहास कागदावर जवळजवळ नाही, कारण ते कुणा व्हाइसरॉयने बांधले नव्हते.

खाली नदीच्या मुखाकडे मात्र लाकडाचं फार काळ निभत नाही. भरती-ओहोटीच्या खाऱ्या पाण्यात एक किडा लाकूड आतून पोखरतो. वरून खांब धड दिसतो आणि आत चाळण झालेली असते. म्हणूनच होड्यांना काजूच्या टरफलांचं तेल चोपडायची पद्धत पडली. खाजन शेतीच्या, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीच्या, बांधांतली मानस, म्हणजे भरतीचं पाणी अडवणारी लाकडी दारंही, सतत राखावी लागतात. तीन किलोमीटर लाकडी पूल असा राखणं कुणाला जमलं असतं? तिथे चिराच हवा होता.

मांडवीवर मात्र पोर्तुगीजांनी पणजीपाशी पूल बांधलाच नाही. १९६१ च्या डिसेंबरात भारतीय सैन्य पणजीसमोरच्या काठावर, बेतीला पोचलं तेव्हा जवानांना होड्यांनीच पणजी गाठावी लागली. जुवारी नदीवरचा बोरीचा पूल पोर्तुगीजांनी माघार घेताना उडवून दिला होता.

मुक्तीनंतर, १९७० च्या सुमारास, मांडवीवर नेहरू पूल आला. ५ जुलै १९८६ रोजी तो कोसळला. काँक्रीटमधल्या ताणून बसवलेल्या पोलादी तारा गंजल्या होत्या. लाकडाला किडा लागतो, तसा पोलादाला खारा वारा. पुढची सहा वर्षं, १९९२ मध्ये नवा पूल होईपर्यंत, सारी भिस्त पुन्हा फेरीबोटींवर आली. त्यानंतर १९९८ मध्ये आणखी एक, आणि २०१९ मध्ये अटल सेतू.

या सगळ्या उलथापालथीत रायबंदरचा बांध उभाच राहिला. त्याच्या कमानी गाळाने आणि कचऱ्याने बुजू देता कामा नयेत, कारण भरतीचं पाणी त्यांतून आत-बाहेर करतं, आणि पलीकडची खारफुटी त्याच पाण्यावर जगते.