क्लोराइड वाढवलं की विद्राव्यता घटते की वाढते?

सिल्व्हर क्लोराइडच्या संपृक्त द्रावणात (ज्यात आणखी विरघळत नाही अशा) मीठ टाकलं की आणखी थोडा पांढरा अवक्षेप, म्हणजे तळाशी बसणारा घन, पडतो. त्याच अवक्षेपावर अमोनियाचं द्रावण ओतलं की तो दिसेनासा होतो. पहिला समान आयन परिणाम (द्रावणात आधीच असलेला आयन आणखी घातला की घन कमी विरघळतो), दुसरा संकुल आयन, म्हणजे धातूच्या आयनाला इतर रेणू किंवा आयन चिकटून बनलेला आयन, तयार होण्याचा. इथवर कुणी अडत नाही. पण मुक्त सिल्व्हर आयनांचं काय झालं, असं विचारलं की उत्तर येतं: पहिल्यात घटले, दुसऱ्यात वाढले. खरं तर ते दोन्हीकडे घटतात!

ठरावीक तापमानाला संपृक्त द्रावणात मुक्त सिल्व्हर आणि क्लोराइड आयनांच्या संहतींचा (द्रावणातल्या प्रमाणांचा) गुणाकार ठरलेला असतो; हाच विद्राव्यता गुणाकार. मीठ क्लोराइड वाढवतं, म्हणून गुणाकार जुळेपर्यंत सिल्व्हर घन रूपात खाली बसतं. अमोनियात एकेका सिल्व्हर आयनाला दोन अमोनिया रेणू धरून ठेवतात. मुक्त आयन कमी पडले की ती तूट भरून काढायला घन विरघळतो. क्लोराइड मोकळंच राहतं, त्याची संहती चढत जाते आणि गुणाकार पुन्हा जुळला की विरघळणं थांबतं. अमोनियामुळे विद्राव्यता गुणाकारच वाढतो, असं लिहिलेलं अधूनमधून दिसतं. ते साफ चूक आहे. विद्राव्यतेत द्रावणातलं सगळं सिल्व्हर मोजलं जातं, गुणाकारात फक्त मुक्त.

फरक केवढा? २५ अंश सेल्सिअसला लिटरभर शुद्ध पाण्यात सिल्व्हर क्लोराइड जेमतेम १.९ मिलिग्रॅम विरघळतं, तर १ मोलर (लिटरला १ मोल) अमोनियात सुमारे ७ ग्रॅम. सिल्व्हर ब्रोमाइडचा गुणाकार मुळातच लहान, म्हणून ते विरल अमोनियात फारसं विरघळत नाही. आयोडाइड तर जवळजवळ नाहीच. ब्रोमाइडला अमोनियापेक्षा घट्ट पकड लागते, ती थायोसल्फेटची. फोटोच्या फिल्मवरचं न वापरलं गेलेलं सिल्व्हर ब्रोमाइड 'हायपो'ने (सोडियम थायोसल्फेटने) धुऊन निघतं ते यामुळेच.

आता खरी गंमत: क्लोराइड स्वतःच दोन्ही भूमिका करतं. सुरुवातीला वाढवत नेलं की विद्राव्यता उतरते आणि साधारण ०.००३ मोलरच्या आसपास तळ गाठते. त्यापुढे एका सिल्व्हरभोवती दोन किंवा अधिक क्लोराइड जमून संकुल बनू लागतात आणि विद्राव्यता चढते. संहत हायड्रोक्लोरिक आम्लात ती शुद्ध पाण्यातल्यापेक्षाही जास्त असते. म्हणून 'समान आयन टाकला की विद्राव्यता घटते' हा नियम डोळे मिटून लावू नये. सिल्व्हर पूर्ण खाली बसवून वजन करायचं असेल, तर क्लोराइड किंचितच जास्त घालतात.

विरघळलेलं सिल्व्हर कोणत्या संकुलात आहे, हे परीक्षानळीतही कळतं. अमोनियाच्या द्रावणात नायट्रिक आम्ल टाका: अमोनियाचं अमोनियम होतं, पकड सुटते, पांढरा अवक्षेप परततो. संहत हायड्रोक्लोरिक आम्लातल्या द्रावणात मात्र आणखी आम्लाची गरज नाही, नुसतं भरपूर पाणी ओतलं तरी ते गढूळ होतं.