नेव्हीत मेकॅनिकल ट्रेड हवाय? मग एमआर नाही, एसएसआर भरा

चार वर्षं नेव्हीत काढायची आणि बाहेर आल्यावर मशीनवरच काम करायचं असं डोक्यात ठेवून जे अग्निवीरचा फॉर्म भरणारेत त्यांच्यासाठी लिहितोय. दहावी पासवर भरता येतं म्हणून पोरं डोळे झाकून एमआर (मॅट्रिक रिक्रूट) भरतात, माझ्या मामेभावानेही तेच केलं, त्याला वाटलं एकदा आत घुसलो की इंजिन रूम मिळेलच. अरे एमआर म्हणजे शेफ, स्टुअर्ड नाहीतर हायजिनिस्ट! इंजिनाचा काही संबंधच नाही.

एसएसआरला (सीनियर सेकंडरी रिक्रूट) बारावी लागते, मॅथ्स-फिजिक्ससकट आणि ५० टक्के, किंवा मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, ऑटोमोबाईल वगैरेचा तीन वर्षांचा डिप्लोमा, तोही ५० टक्क्यांनी. नुसत्या आयटीआयवर एसएसआर भरता येत नाही, इथे बरेच जण अडकतात. वय साडेसतरा ते एकवीस, पण जाहिरातीत जन्मतारखेच्या नेमक्या तारखा देतात त्या बघा, आणि लग्न झालेलं नसावं.

फॉर्म जॉइन इंडियन नेव्हीच्या साइटवर ऑनलाइन. दहावी-बारावीची मार्कशीट, डिप्लोमावाल्यांनी सगळ्या सेमिस्टरच्या, डोमिसाइल, आधार, एनसीसी असेल तर ते सर्टिफिकेट. नाव, जन्मतारीख, आईवडिलांची नावं दहावीच्या सर्टिफिकेटवर आहेत तश्शीच टाका, आधारवर स्पेलिंग वेगळं असेल तर आधीच दुरुस्त करून घ्या. फोटोत छातीसमोर काळी पाटी धरायची असते, त्यावर खडूने नाव आणि फोटोची तारीख, त्यामुळे घरातला जुना पासपोर्ट फोटो चालत नाही. २०२५ ला फी ५५० अधिक जीएसटी होती.

मग कॉम्प्युटरवर पेपर, १०० प्रश्न एका तासात, चुकलं की पाव मार्क कट. त्यानंतर फिजिकल, मुलांना १.६ किमी साडेसहा मिनिटांत, वर उठाबशा, पुशअप, सिटअप, आणि मेडिकल.

आता खरी गोम. फॉर्ममध्ये मेकॅनिक हवा म्हणून टिक करायची सोयच नाही, ब्रँच नेव्ही आपल्या गरजेप्रमाणे देते. बेसिक ट्रेनिंग ओडिशात आयएनएस चिल्काला, मग इंजिनिअरिंग मिळालं तर आपल्या लोणावळ्याला आयएनएस शिवाजी, इलेक्ट्रिकल मिळालं तर जामनगरला आयएनएस वालसुरा. माझ्या मते इलेक्ट्रिकलही वाईट नाही, बाहेर जनरेटर-पॅनलचं काम भरपूर असतं. इंजिनिअरिंगवाल्याला डिझेल इंजिन, पंप, कॉम्प्रेसर, एसी प्लांट सगळं हाताखालून जातं, वॉचवर म्हणजे ड्युटीच्या पाळीत ऑइल प्रेशर, टेम्परेचर लॉगमध्ये उतरवायचं, स्ट्रेनर (पाइपातल्या गाळण्या) उघडून साफ करायचे, हेच काम बाहेर हॉस्पिटल-मॉलच्या डीजी सेट (डिझेल जनरेटर) आणि चिलरवर (एसीसाठी पाणी थंड करणारं मशीन) असतं.

चार वर्षांनी जास्तीत जास्त २५ टक्के लोकांना पुढे ठेवतात, बाकीच्यांना सेवा निधी म्हणजे एकरकमी पैसे आणि स्किल सर्टिफिकेट. आयटीआयवाल्यांनी आणि ज्यांना नशिबावर सोडायचंच नाही त्यांनी मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डची अप्रेंटिसशिप बघावी, तिथे फिटर, मशिनिस्ट, डिझेल मेकॅनिक असा ट्रेड स्वतः निवडून अर्ज करता येतो, दहावीला ५० आणि आयटीआयला ६५ टक्के मागतात.