कामावरच्या पेशी दुभंगतात तेव्हा

एका परिचितांनी मध्यंतरी एक व्हिडिओ पाठवला. ‘हृदयात झोपलेल्या मूलपेशी जाग्या करा, हृदय नवं करा’ अशी त्यात हमी होती (मूलपेशी म्हणजे ज्यांच्यापासून इतर प्रकारच्या पेशी घडू शकतात त्या), आणि शेवटी अर्थातच एक मोबाइल नंबर. हृदय खरोखर भरून काढणारा एक प्राणी आहे. फक्त तो मूलपेशींच्या भानगडीत पडत नाही.

हा प्राणी म्हणजे झेब्राफिश. गोड्या पाण्यातला, निळसर पट्ट्यांचा, जेमतेम तीन-चार सेंटिमीटरचा मासा. त्याचा गर्भ पारदर्शक असतो. फलनानंतर चोवीस तासांनी तो सूक्ष्मदर्शकाखाली धरला, तर बलकावर टेकलेली एक इवलीशी नळी धडधडायला लागलेली दिसते. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा काय मोजायला बसलो होतो तेच विसरलो. पुढे या नळीचे दोन कप्पे होतात, रक्त घेणारी कर्णिका आणि रक्त ढकलणारी जवनिका.

2002 मध्ये जीवशास्त्रज्ञ केनेथ पॉस आणि सहकाऱ्यांनी या माशांच्या जवनिकेचा सुमारे 20 टक्के तुकडा छाटला. गुठळीने भोक बुजलं, मासे पोहायला लागले आणि दोन महिन्यांत तिथे पुन्हा धडधडणारा स्नायू आला. माणसात हार्ट अटॅकनंतर मेलेल्या स्नायूच्या जागी वण येतो. तो हृदय फाटू देत नाही, पण आकुंचनही पावत नाही. ठिगळच ते.

मग माशाचा नवा स्नायू आला कुठून? 2010 मध्ये दोन गटांनी याचा छडा लावला, आणि त्यांची युक्ती मला अजूनही मोह घालते. माशाच्या डीएनएत हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक घालायचं, पण त्याच्यापुढे अडसर ठेवायचा. हा अडसर कापणारं विकर (एन्झाइम) फक्त हृदयस्नायूच्या पेशींत बनतं, आणि तेही टॅमॉक्सिफेन हे औषध मिळाल्यावरच कामाला लागतं. औषध दिलं की त्या वेळी जी पेशी स्नायूपेशी आहे तिच्यावर कायमचा शिक्का बसतो. तिच्या लेकी, नाती, पणत्या सगळ्या हिरव्या. आता हृदय छाटायचं आणि वाट पाहायची. नवा स्नायू मूलपेशींपासून आला असता, तर तो हिरवा नसता. तो जवळजवळ सगळा हिरवा निघाला. म्हणजे जुन्या, कामावर असलेल्या स्नायूपेशींनीच तो घडवला होता.

हे वाटतं तितकं सोपं नाही. स्नायूपेशीत आकुंचन पावणाऱ्या सार्कोमिअरच्या रांगा खच्चून भरलेल्या असतात. गुणसूत्रं दोन टोकांना ओढायची आणि मधोमध कंबर आवळायची, तर जागा नको? म्हणून पेशी आधी सार्कोमिअर मोडायला घेते, शेजारणींची पकड सैल करते, गाटा-4 सारखी गर्भातल्या कामाची जनुकं पुन्हा वापरात आणते आणि मग दुभंगते. त्यानंतर दोघी मिळून सार्कोमिअर पुन्हा बांधतात. हे सगळं चालत्या पंपात!

उंदराचं पिल्लूही जन्माच्या पहिल्या दिवशी हे करू शकतं, सातव्या दिवशी नाही. मधल्या काळात त्याच्या हृदयपेशी गुणसूत्रांची नक्कल करतात, पण दुभंगणं अर्धवट सोडतात, त्यामुळे एकेकीत दोन केंद्रकं राहतात. माणसाच्या बहुतेक हृदयपेशींत गुणसूत्रांचे दोनाऐवजी चार किंवा अधिक संच असतात. झेब्राफिशच्या जवळपास सगळ्यांत दोनच. हा निव्वळ योगायोग नसावा, कारण 2018 मध्ये झेब्राफिशच्या हृदयपेशींतले संच मुद्दाम वाढवले, तेव्हा त्याचंही हृदय भरून येईना.

मासे खाऊन हे जमेल, असं कुणी सांगितलं तर हसून सोडून द्या. पोटात गेल्यावर त्या पेशींची अमिनो आम्लं होतात. शिवाय सगळ्याच माशांना ही कला येत नाही. मेडाका नावाच्या माशाला वणच येतो.

आपल्या हृदयपेशी अगदीच थिजलेल्या असतात असंही नाही. अणुचाचण्यांमुळे हवेत पसरलेला कार्बन-14, म्हणजे कार्बनचा किरणोत्सारी प्रकार, पेशींच्या डीएनएत किती उतरला, यावरून 2009 मध्ये त्यांचं वय काढलं गेलं. पंचविशीत वर्षाला सुमारे एक टक्का पेशी नव्या होतात, पंचाहत्तरीत अर्ध्या टक्क्याहून कमी. मोठ्या अटॅकमध्ये शंभर कोटींपर्यंत पेशी जातात, आणि त्याही काही तासांत.