पुस्तकं हटवण्याचा गोव्यातला जुना इतिहास

लायब्ररीतनं अमुक पुस्तक काढा, म्युझियममधली तमुक वस्तू हलवा, अशी मागणी आली की गोंयकाराने तरी आधी मागे वळून बघावं, कारण हे सगळं आपल्याकडे होऊन गेलंय आणि त्याचं नुकसान अजून भरून निघालेलं नाही.

१५५६ ला छापखाना गोव्यात आला, भारतातला पहिला, आणि चारच वर्षांनी इन्क्विझिशन, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतलं चर्चचं धर्मन्यायालय. देवळं तर पाडलीच, पण मराठी-कोकणी पोथ्याही गोळा करून जाळल्या. त्यातलं वाचलं काय, तर जेझुइट पाद्र्यांनी रोमन लिपीत उतरवून घेतलेल्या रामायण-महाभारताच्या कथा, त्याही पार पोर्तुगालमध्ये ब्रागाच्या लायब्ररीत. ज्या जुन्या गोंयकार लेखकाचं, कृष्णदास शामाचं, नाव या कथांशी जोडतात, त्याच्याच नावाने आज पणजीत पाटोला आपली सेंट्रल लायब्ररी उभी आहे!

बरं, चर्चची पुस्तकं तरी टिकली का? फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचं ख्रिस्तपुराण, येशूची कथा सांगणाऱ्या अस्सल मराठी ओव्या, १६१६ ला रायतूरला छापलं, पुढे आणखी दोनदा छापलं, आणि त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज कुठे सापडत नाही. १६८४ ला कोकणी बोलण्यावरच बंदीचं फर्मान निघालं, १७५४ पासून छपाई बंद ती थेट १८२१ पर्यंत. १८३२ ला पणजीत सरकारी लायब्ररी सुरू झाली खरी, पण पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारच्या काळात परत सेन्सॉर, लग्नाची पत्रिकासुद्धा आधी दाखवून पास करून घ्यावी लागायची.

मुक्तीनंतर आपण मात्र तसं वागलो नाही, आणि मला याचा खरंच अभिमान आहे. गोवा जिंकणाऱ्या पोर्तुगीज आल्बुकर्कचा पणजीतला पुतळा वितळवला नाही, तो ओल्ड गोव्याच्या म्युझियममध्ये उभा आहे, व्हाइसरॉयांची चित्रंही तिथेच लावलेली आहेत, ज्यांनी आपल्यावर राज्य केलं त्यांचीसुद्धा.

म्हणूनच २०१७ चं जास्त लागलं. कवी विष्णू सूर्या वाघांच्या 'सुदिरसूक्त' या कोकणी कवितासंग्रहात बहुजनांची जातीची वेदना आहे, भाषा कडक आहे, नाही आवडली तर झणझणीत टीका लिहायची ना, पण अश्लीलतेचा गुन्हा नोंदवला गेला, आणि ज्यांच्यासाठी हे पुस्तक निवडलं होतं ते कोकणी अकादमीचे त्या वर्षीचे साहित्य पुरस्कारच वाद पेटल्यावर रद्द झाले. वाघ तेव्हा इतके आजारी की स्वतःची बाजू मांडणं त्यांना शक्यच नव्हतं, ती इतर लेखकांना मांडावी लागली.