ग्रॅफाइट काय भाव? आमच्या ग्राहकांसाठी थोडी माहिती

नमस्कार.

"आज ग्रॅफाइट काय भाव?" असा फोन रोज येतो आणि आम्ही उलट विचारतो, "काम कुठलं?" समोरच्याला वाटतं, भाव सांगायला टाळाटाळ चालली आहे. तसं नाही. आमच्या गोदामात शेजारी-शेजारी रचलेल्या दोन बॅगांच्या भावात दुपटी-तिपटीचा फरक असतो आणि दोन्हींवर 'ग्रॅफाइट' एवढंच लिहिलेलं असतं. हा फरक कशाचा, हे कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावच्या आमच्या फाउंड्रीवाल्यांना (धातू ओतणाऱ्या कारखान्यांना) आणि नव्याने खरेदी करणाऱ्यांना कळावं म्हणून हे पत्रक.

फ्लेक आणि अमॉर्फस

ग्रॅफाइट म्हणजे कार्बनचं खनिज. खाणीतून येणारा माल मुख्यतः या दोन जातींचा. फ्लेक म्हणजे चकचकीत, पातळ पापुद्रे. चिमूटभर तळव्यावर चोळलं तर चांदीसारखी झाक येते आणि बोट सुळकन घसरतं. अमॉर्फस मंद काळं असतं, काजळीसारखं हाताला लागतं. त्यात कार्बन साधारण ७० ते ८५ टक्के, उरलेली बरीचशी राख, म्हणजे जाळल्यावर मागे राहणारी माती. फ्लेक ८५ पासून ९८ टक्क्यांपर्यंत मिळतं. श्रीलंकेत शिरांमध्ये सापडणारा ढेकळांचा तिसरा प्रकारही आहे, पण आपल्याकडच्या कामांना तो क्वचितच लागतो.

आता भावाची खरी गोम. फ्लेकच्या खाणीतल्या दगडात ग्रॅफाइट असतं बहुधा ३ ते १५ टक्के. दगड दळायचा, पाण्यात घालायचा, रॉकेल आणि पाइन तेलासारखी द्रव्यं टाकून हवेचे बुडबुडे सोडायचे. ग्रॅफाइटला पाणी चिकटत नाही, म्हणून ते फेसाबरोबर वर येतं आणि माती खाली बसते. कार्बन वाढवायचा तर पुन्हा दळावं लागतं, आणि प्रत्येक दळणात मोठे पापुद्रे मोडतात. म्हणजे शुद्धता वाढवावी तर आकार जातो, आकार राखावा तर माती राहते. दोन्ही एकत्र असलेला माल कमीच निघतो, म्हणून त्याची किंमत चढी. मेश म्हणजे चाळणीच्या एका इंचातली भोकं; आकडा मोठा तितकी चाळणी बारीक. पन्नास मेशच्या चाळणीवर राहणारं, म्हणजे ३०० मायक्रॉनहून मोठं फ्लेक सगळ्यात महाग. ऐंशी मेशवरचं त्याखाली. शंभर मेशमधून गळणारं सगळ्यात जास्त निघतं आणि स्वस्त जातं.

कुणाला काय लागतं

मोठ्या फ्लेकचा मुख्य गिऱ्हाईक पोलाद कारखाना. कन्व्हर्टर (पोलाद बनवण्याची भट्टी) आणि लॅडलच्या (वितळलेलं पोलाद नेण्याच्या भांड्याच्या) आतल्या मॅग्नेशिया-कार्बन विटांत ग्रॅफाइट घालतात, कारण वितळलेला स्लॅग (धातूवर तरंगणारी मळी) त्याला चिकटत नाही आणि वीट एकदम तापली तरी तडकत नाही. क्रुसिबल (धातू वितळवण्याची भांडी) बनवणाऱ्यांनाही मोठे पापुद्रेच हवेत. ते एकमेकांवर आडवे बसतात आणि भिंत मजबूत होते. त्यामुळे पोलादाला तेजी आली की मोठ्या फ्लेकचा भाव तापतो. २०१२ च्या सुमारास त्याचा दर टनाला २,५०० डॉलरच्या वर गेला होता, मग तितक्याच वेगाने उतरला.

ब्रेक लायनिंग, कार्बन ब्रश, वंगण, पावडर मेटलर्जी यांना बारीक पण स्वच्छ माल लागतो. पेन्सिलीचंही तसंच.

आणि फाउंड्री? मोल्डच्या (वाळूच्या साच्याच्या) कोटिंगला ९५ टक्क्यांचं फ्लेक मागणारे ग्राहक आम्हाला भेटतात. आम्ही विकू शकतो, पण सांगतो की नको. वाळू आणि धातूच्या मधे एक थर हवा, कास्टिंग स्वच्छ सुटायला हवं. एवढ्यासाठी अमॉर्फस बहुतेक ठिकाणी पुरतं. (गंमत अशी, की ग्रे आयर्न (बीड) ओतणाऱ्याच्या धातूत ग्रॅफाइटचे पापुद्रे आपोआप तयार होतातच. विकत घ्यायचं ते बाहेरच्या लेपापुरतं आणि वितळलेल्या धातूत कार्बन चढवण्यापुरतं.)

आर्क फर्नेसचे (विजेच्या ठिणगीने पोलाद वितळवणाऱ्या भट्टीचे) इलेक्ट्रोड मात्र खाणीतल्या ग्रॅफाइटचे नसतात. ते नीडल कोक (खनिज तेल किंवा डांबरापासून बनणारा खास कोक) ३,००० अंशांच्या आसपास तापवून केलेल्या कृत्रिम ग्रॅफाइटचे असतात. २०१७-१८ मध्ये इलेक्ट्रोडचे भाव कित्येक पटींनी उसळले तेव्हा अनेकांनी आम्हाला विचारलं, "तुमची पावडर कधी वाढणार?" त्या दोन बाजारांचा संबंध दूरचा आहे.

बॅटरीची गोष्ट

एका इलेक्ट्रिक गाडीच्या बॅटरीत अंदाजे ५० ते १०० किलो ग्रॅफाइट जातं. म्हणून वाटतं, भाव चढतच राहणार. पण बॅटरीला खाणीतलं आणि कृत्रिम, दोन्ही चालतं, आणि चीनमध्ये कृत्रिमचे कारखाने गरजेपेक्षा जास्त उभे राहिले. जगातल्या खाणीच्या ग्रॅफाइटपैकी सुमारे तीन चतुर्थांश एकट्या चीनचं. १ डिसेंबर २०२३ पासून त्यांनी निर्यातीला परवाना लावला, तेव्हा आम्हीही घाबरून थोडा जास्त माल भरला. भाव चढले नाहीत. पुढच्या वर्षी बारीक फ्लेक मंदीतच राहिलं आणि आमचे पैसे काही महिने गोदामात पडून राहिले. तेव्हापासून बातमी वाचून साठा करा, असं आम्ही कुणालाच सांगत नाही.

ऋतूचा परिणाम मात्र नियमित दिसतो. चीनच्या ईशान्येकडे हेइलोंगजियांगमध्ये हिवाळ्यात पाणी गोठतं आणि धुण्याचं काम थांबतं, मादागास्करला जानेवारी ते मार्च वादळांचे दिवस. या काळात दर थोडा कडक असतो. भारतात झारखंड, ओडिशा, तामिळनाडूतून माल निघतो, पण मोठं आणि स्वच्छ फ्लेक बरंचसं आयातच. म्हणून डॉलर हलला की आमचा दर हलतो.

कार्बनचा हिशेब

समजा, ८० टक्के कार्बनचा माल ६० रुपये किलो आणि ९० टक्क्यांचा ७० रुपये. पहिल्यात शुद्ध कार्बन पडतो ७५ रुपये किलोने, दुसऱ्यात ७७ रुपये ७८ पैशांनी. दोन रुपये ७८ पैसे जास्त देऊन राख जवळपास निम्मी होते. इंडक्शन फर्नेसमध्ये (धातू वितळवण्याच्या विजेच्या भट्टीत) कार्बन चढवायला घेत असाल तर ही राख स्लॅग होऊन पुन्हा काढावी लागते, म्हणून दुसरा माल परवडतो. कोटिंगला घेत असाल तर पहिला. मॉइश्चरही बघा: टनाला ३ टक्के म्हणजे ३० किलो पाणी, ग्रॅफाइटच्या भावाने.

एका पुरवठादाराकडून आलेल्या लॉटवर कार्बन ८५ टक्के छापलं होतं. आम्ही भट्टीत जाळून बघितलं तर नुसती राखच २४ टक्के निघाली. सर्टिफिकेट होतं, शिक्काही होता. तेव्हापासून प्रत्येक लॉटमधून नमुना काढतो आणि तुम्हालाही पाव किलो आधी देतो. तो कागदावर घासून बघा. ग्रॅफाइट गुळगुळीत, चमकती रेघ ओढतं. कोकची भुकटी मिसळलेली असेल तर करकरतं आणि कागद खरवडतो.

दर सांगताना आम्हाला तुमचं काम, मेश आणि महिन्याची खपत लागते. सांगितलेला दर सात दिवस पाळतो. बॅगा पावसाळ्यात फळीवर ठेवा, आणि पॅनेल बोर्डापासून लांब. ग्रॅफाइटच्या धुळीतून वीज वाहते. बोर्डाच्या फटीत साचली की शॉर्ट होतो.