क्लीनर पॉलिश की वॅक्स? दोन्ही डब्यांवर 'पॉलिश'च लिहिलेलं असतं

तासगावहून दाजी आले की आधी गाडी दाखवतात, मग चहा. या खेपेला त्यांची गडद निळी स्विफ्ट खडूचा हात फिरवल्यासारखी दिसत होती. टप आणि बॉनेट तर पार उतरलेले.

"महिन्यात तीनदा पॉलिश मारलं," दाजी म्हणाले. "दोन दिवस बरी दिसती, परत हाय तशी. माल बोगस लागला बघा."

डिकीतली डबी बघितली तर आत साधं वॅक्स. माल चांगला होता, पण गाडीला हवं होतं ते काम त्याचं नव्हतंच.

"अहो दाजी, हे वॅक्स आहे. पॉलिश नव्हे."

"पॉलिशला पॉलिशच म्हणतात की!"

बरोबर आहे, आपल्याकडं तसंच म्हणतात. दुकानात "गाडीचं पॉलिश द्या" म्हटलं की काउंटरवर जे पुढं येतं ते आपण घरी आणतो. त्यात दोन पूर्ण वेगळ्या जाती असतात. काळा पडलेला पितळी तांब्या डोळ्यांपुढं आणा. चिंच लावून घासला तर वरचा काळा थर निघतो आणि खालचं पितळ दिसतं. त्याच काळ्या तांब्यावर तेलाचं बोट फिरवलं तर तोही चमकतो, पण चमकतो तो काळेपणाच. वॅक्स म्हणजे हे तेलाचं बोट. ऑल-इन-वन क्लीनर पॉलिश म्हणजे चिंच, आणि घासून झाल्यावर आपोआप फिरणारं थोडंसं तेल.

क्लीनर पॉलिशमध्ये तीन गोष्टी एकत्र असतात: अगदी बारीक घासणारी पूड (बहुतेकदा ॲल्युमिनियम ऑक्साइडसारखी), चिकट मळ सोडवणारं द्रावण, आणि मागं राहणारा मेणाचा किंवा पॉलिमरचा पातळ थर. निव्वळ वॅक्समध्ये घासणारं काही नसतं. त्यातलं नावाजलेलं कार्नोबा मेण ईशान्य ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून काढतात. 82 ते 86 अंशांच्या आसपास वितळणारं हे मेण फार कडक असतं, म्हणून ते तेलात, द्रावणात कालवूनच डबीत भरतात.

नावांवर जाल तर फसाल. मेग्वायर्सच्या एका बाटलीवर 'क्लीनर वॅक्स' लिहिलेलं असतं; नावात वॅक्स असलं तरी ती ऑल-इन-वन आहे. ऑटोग्लिमचं 'सुपर रेझिन पॉलिश'ही त्याच जातीचं, आणि त्याच्या नावात क्लीनर हा शब्द नाही. मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचायची. क्लीनर, वन स्टेप, थ्री इन वन, 'हलके ओरखडे काढतं' असं काही असेल तर त्यात घासणारं काहीतरी आहे असं धरून चालायचं. रबिंग कंपाउंड हे तिसरंच प्रकरण. त्यात घासणं भरपूर आणि मागं संरक्षण शून्य. ते हौसेनं हातात घेऊ नये.

दाजींचा विश्वास बसेना, म्हणून आईकडून जुन्या पितळी डब्याचं झाकण मागून घेतलं. अर्ध्या भागावर त्यांचं वॅक्स, अर्ध्यावर माझ्याकडचं क्लीनर पॉलिश, दोन्हीला जुन्या बनियनचा पांढरा तुकडा. वॅक्सचं फडकं जवळजवळ कोरं राहिलं. दुसरं दहा-बारा घासण्यांत काळंकुट्ट झालं आणि झाकणावर पिवळा पट्टा उघडा पडला. डबीवर काहीही लिहिलेलं असो, पितळ खोटं बोलत नाही. आई मात्र "आता उरलेलं अर्धं कोण घासणार?" म्हणून अजून विचारते.

आता आपल्या भागात गाडीवर बसतं काय, ते बघू. गळीत हंगामात साखर कारखान्याच्या धुराड्यातून बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची राख उडते आणि पहाटे टपावर काळे कण दिसतात. या राखेत सिलिका, म्हणजे वाळूतलं कडक खनिज, भरपूर असते. म्हणजे रोज सकाळी कोरड्या फडक्यानं गाडी पुसणारा माणूस बारीक पॉलिश पेपरच फिरवत असतो. मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर मारा; कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसले तर ते त्या पुसण्याचे. दुसरं बोअरचं पाणी. कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यात ते इतकं जड असतं की उन्हात गाडी धुतली तर प्रत्येक थेंबाचं पांढरं कडं उमटतं. दाजींच्या गाडीवर आणखी एक भर होती: द्राक्षबागेतल्या बोर्डो फवाऱ्याचे निळसर पांढरे ठिपके. मोरचूद आणि चुना पानाला चिकटून राहावा म्हणूनच तर मारतात. गाडीला तरी तो का सोडेल?

एवढ्या सगळ्यावर वॅक्स चढवलं की मळ आत आणि चकाकी वर. दाजींचं तीनदा तेच झालं होतं.

उलटी चूकही लोक करतात, आणि ती मीच केलेली आहे. वॅक्सचे दोन हात दिले तर दुसरा पहिल्यावर बसतो, पहिल्यात राहून गेलेल्या जागा भरतो. तोच हिशेब लावून मी क्लीनर पॉलिशचे लागोपाठ तीन हात दिले. थर काही वाढला नाही. वाढणार कसा? त्यातलं द्रावण आणि पूड आधीच्या हाताचं मेणच आधी काढून टाकतात. त्याच कारणानं ताज्या वॅक्सवर क्लीनर पॉलिश मारणं म्हणजे वॅक्सचे पैसे पाण्यात. आधी क्लीनर, वर वाटलं तर वॅक्स; क्रम हाच.

शिवाय क्लीनर पॉलिश दर वेळी थोडं का होईना, काहीतरी काढतंच. आजच्या गाड्यांच्या रंगावर पारदर्शक क्लिअर कोट असतो, तो साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. हातानं वर्षातून एक-दोनदा फिरवलं तर काळजी नाही. दर महिन्याला मशीन लावून घासून घेऊ नये. सिरॅमिक कोटिंग केलेल्या किंवा मॅट रंगाच्या गाडीला हे लावायचंच नाही.

आणि ऑल-इन-वन म्हणून सगळंच निघत नाही. मिरजेत रुळांच्या जवळ गाडी रोज उभी राहत असेल, तर चाकं-ब्रेकची लोखंडी धूळ रंगात रुतते आणि तिथं नारिंगी ठिपके उमटतात. त्याला क्ले बार (रुतलेले कण ओढून काढणारी मऊ मातीसारखी वडी) किंवा लोखंड विरघळवणारा स्प्रे लागतो. दारांच्या खालच्या बाजूला उडालेलं डांबर आधी टार रिमूव्हरनं काढायचं. नखाला लागणारा ओरखडा दोन्हीपैकी कशानंच जाणार नाही, तो रंगारी बघेल.

मग घ्यायचं कोणतं? गाडी धुऊन वाळवा, हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घाला आणि बॉनेटवरून बोटं फिरवा. काचेसारखं गुळगुळीत लागलं, रंग खोल दिसला, तर वॅक्स पुरे. माझ्या मते दोन वर्षांच्या आतल्या, सावलीत उभ्या राहणाऱ्या गाडीला दुसरं काही लागत नाही. गुळगुळीत लागतंय पण रंग मंद आहे, तर क्लीनर पॉलिश. खरखर लागली तर आधी क्ले, मग क्लीनर पॉलिश. जुनी मारुती 800 असेल आणि फडक्यावर गाडीचाच रंग आला तर दचकू नका. त्या साध्या रंगांवर बहुधा क्लिअर कोट नसायचा. मेटॅलिक गाडीचा रंग फडक्यावर आला, तर मात्र तिथंच हात थांबवा. क्लिअर कोट संपलाय.

लावण्याची पद्धत सोपी आहे. सावली, थंड पत्रा, एका वेळी दोन बाय दोन फुटांचा चौकोन, स्पंजावर रुपयाएवढा ठिपका. क्लीनर पॉलिशला थोडा दाब आणि चार-पाच फेऱ्या द्याव्या लागतात, कारण घासणं हेच त्याचं काम. वॅक्सला दाब नको, नुसतं पसरायचं, पातळ. जाड थर दिला तर जास्त टिकत नाही, फक्त पुसताना दंड दुखतात.

दाजींच्या बॉनेटच्या मधोमध मास्किंग टेपची पट्टी मारली आणि डावी बाजू घासली. टेप काढल्यावर दाजी थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग उजवी बाजू त्यांनी स्वतः घ्यायला घेतली. काचेखालच्या काळ्या प्लास्टिकलाही टेप लावा म्हणून सांगितलं होतं, पण घाईत राहिलं आणि तिथं पांढरे डाग बसले. आता दाजी जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी घेऊन वायपरपाशी वाकलेत, आणि आतून ताई चहा गार होतोय म्हणून तिसऱ्यांदा हाक मारतेय.