पानओवा आणि फोडणीचा ओवा

"नर्सरीतून ओव्याचं रोप आणलं, दोन वर्षं झाली, दाणे काही धरत नाहीत." हे मला दर हिवाळ्यात कुणीतरी सांगतंच. त्या कुंडीतून डब्यातला ओवा कधीच निघणार नाही, कारण तो पानओवा आहे. फोडणीत पडतो तो ओवा म्हणजे वेगळी वनस्पती. दोघांत सारखा आहे तो फक्त वास.

पानओवा तुळस-पुदिन्याच्या कुळातला. पानं जाड, रसाळ, लवदार, कडांना कातरलेली. फोडणीचा ओवा कोथिंबीर, जिरं, शेपू यांच्या कुळातला. त्याची पानं शेपूसारखी दोरेदार आणि फुलं पांढरी, छत्रीसारख्या तुऱ्यांत येतात. पान एकदा नीट पाहिलं की गोंधळ उरत नाही, पण आपण पान चुरगाळून नाकाला लावतो आणि तिथेच फसतो. ओव्याच्या दाण्यांतल्या तेलात थायमॉल हे त्या वासाचं द्रव्य भरपूर असतं. पानओव्यात थायमॉल असतंच, शिवाय त्याचं भावंड कार्व्हाक्रॉलही असतं. दोन्ही रेणूंत अणू तेच आणि तितकेच, फरक फक्त जोडणीचा.

पानओव्याला बी लागतच नाही. वीतभर फांदी तोडून मातीत खोचा, लागते. पाणी मात्र बेतानं, नाहीतर देठ सडतात. भजीला याच्यासारखं पान नाही.

दाण्यांचा ओवा हवा असेल तर बियाण्यापासून सुरुवात करावी लागते, आणि ते बियाणं बहुधा तुमच्या स्वयंपाकघरातच असतं. ओवा ताजा आणि न भाजलेला हवा. वर्षानुवर्षं डब्यात पडलेला उगवत नाही. हे थंडीचं पीक, म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमारास पेरावं. जून-जुलैत पेरलं तर पावसात रोपं कुजतात. ज्या कुंडीत वाढवायचं तिथेच पेरा, कारण या कुळातल्या रोपांना मूळ हलवलेलं सोसत नाही. दाणे बारीक असतात, म्हणून कोरड्या वाळूत मिसळून भुरभुरवावेत आणि वर चाळलेल्या खताचा अगदी पातळ थर द्यावा. खोल गेले की संपले. पाणी फवाऱ्यानं द्या. कोंब दिसायला आठवडा ते पंधरवडा लागतो. तेवढ्यात धीर सोडून माती उकरू नका, ही माझी कळकळीची विनंती.

पुढचं कठीण काम विरळणीचं. उगवलेली रोपं उपटायला जीव होत नाही, पण दाटी ठेवली तर सगळीच लुकडी राहतात. दोन रोपांत वीतभर अंतर हवं. उपटलेली कोवळी रोपं वरणात टाका. ऊन भरपूर लागतं. तुऱ्यांवर मावा आला तर निंबोळी अर्क फवारावा, मात्र सूर्य कलल्यावर, म्हणजे मधमाश्यांना त्रास होत नाही.

पेरणीपासून दाणे पिकेपर्यंत साधारण पाच महिने जातात. तुरे तपकिरी व्हायला लागले की पाणी कमी करा आणि सकाळच्या दवातच कापा. उन्हं चढल्यावर हात लावला की दाणे गळतात. कापलेले तुरे कागदी पिशवीत उलटे टांगून सावलीत वाळवायचे, मग चोळून पाखडायचे. एका कुंडीतून निघणारा ओवा जेमतेम मूठभर असतो. त्यातले चमचाभर दाणे पुडीत बांधून पुढच्या दसऱ्यासाठी आधीच बाजूला काढा.